चारला मावळणारं प्राग

पुण्या-मुंबईहून नाताळच्या सुट्टीत प्रागला निघालेली माणसं थंडीची चौकशी महिनाभर आधीपासून करतात. उणे किती असेल, बर्फ पडेल का, थर्मल कुठून घ्यायचे. उजेडाची चौकशी मात्र कुणी करत नाही, आणि तिथे पोचल्यावर तुटवडा पडतो तो उजेडाचाच. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रागमध्ये सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. हॉटेलात निवांत न्याहारी उरकून दहाला बाहेर पडायचं, ही आपली सुट्टीची सवय. तिच्यापायी आठातले दोन तास ब्रेड-लोण्यावर खर्ची पडतात. दीडला जेवायला बसलं की आणखी दीड तास गेला. मग धापा टाकत किल्ल्यावर पोचावं, तर दालनं बंद व्हायची वेळ झालेली.

थंडी त्या मानाने सोसते. दिवसा शून्य ते तीन अंश, रात्री शून्याच्या खाली. उणे दहा कधीमधी. डिसेंबरात बर्फ पडेलच असं नाही. चित्रातल्या पांढऱ्याशुभ्र छपरांपेक्षा करडं आभाळ, झिमझिम आणि नदीवरचं धुकं यांची तयारी ठेवलेली बरी.

उजेड कमी म्हणजे नुसता तासांनी कमी नव्हे. २१ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण सत्तेचाळीस अंश वर असतो. प्रागला जेमतेम साडेसोळा. इमारतीची सावली तिच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांच्या फरशीला त्या दिवसांत ऊन असं लागतच नाही. उजळतात ते फक्त वरचे मजले. ऊन अंगावर घ्यायचं तर व्लतावा नदीचा काठ, मोठे चौक किंवा किल्ल्याची दक्षिणेकडची बाजू. नकाशावर दहा मिनिटांची दिसणारी गल्ली हिवाळ्यात नदीकाठच्या रस्त्याहून जास्त थंड का वाटते, त्याचं कारण हेच.

हा हिशोब शहराने स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलाय. जुन्या नगरभवनावरचं खगोलीय घड्याळ, चेक लोकांचं ‘ओर्लोय’, १४१० सालचं आहे. काडान गावच्या मिकुलाशने केलेलं. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात, येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, सांगाडा घंटा वाजवतो. सारा खेळ जेमतेम मिनिटभराचा, आणि तेवढ्यासाठी शेकडो माणसं मोबाईल उंच करून उभी. खिसेकापूंना आणखी काय हवं? आमचं मत असं की खेळ एकदा दुरून बघावा, आणि तास उलटून पाच मिनिटं झाली, गर्दी पांगली, की घड्याळापाशी जाऊन तबकडी वाचावी.

तबकडीवर तीन तऱ्हेचे तास आहेत. रोमन आकडे आपल्या ओळखीचे, बारा-बारांचे दोन संच. त्यांच्याबाहेर एक काळं कडं, त्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे, १ ते २४. हा जुना चेक काळ, आणि तो मोजायचा सूर्यास्तापासून. सूर्य बुडला की २४ संपले, नवा दिवस सुरू. सूर्यास्त वर्षभर सरकतो, म्हणून हे कडंही सरकतं. जूनमध्ये २४ चा आकडा उजवीकडे खाली, रोमन आठच्या जवळ असतो. डिसेंबरात तोच वर चढून रोमन चारपाशी येऊन थांबतो. ‘आज अंधार कधी पडणार’ या प्रश्नाचं उत्तर चौकात उभ्या उभ्या मिळतं.

तिसरे तास म्हणजे मधल्या निळ्या भागातल्या सोनेरी वक्र रेषा. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे बारा सारखे भाग. उन्हाळ्यात या एका तासाची ऐंशीहून जास्त मिनिटं होतात, हिवाळ्यात चाळीस. आपल्याकडच्या पंचांगात दिवसाचे होरे याच रीतीने काढतात, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. पंचांगाच्या भाषेत बोलायचं तर त्या दिवशी मुंबईचं दिनमान साधारण साडेसत्तावीस घटींचं (एक घटी चोवीस मिनिटांची) आणि प्रागचं फक्त वीस घटींचं.

वाटाडे एक गोष्ट हमखास सांगतात: हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केलं आणि त्याने दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून नगरशेटांनी त्याचे डोळे फोडले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा ऐकत वाढलेल्यांना ती लगेच पटते. दोन्ही कथांना आधार सारखाच आहे, म्हणजे नाही. हानुश होऊन गेला खरा, पण घड्याळ उभं राहिल्यानंतर अनेक दशकांनी. मे १९४५ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, जर्मन माऱ्यात घड्याळ जळालं. आज फिरतात ते लाकडी प्रेषित त्यानंतरचे.

तर मग आठ तास कसे वापरायचे? उघड्यावरचं सगळं उजेडात आणि छताखालचं सगळं काळोखात, एवढं सूत्र पाळलं तरी निम्मं काम होतं. पहिला तास चार्ल्स पुलाला द्यावा. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये पायाभरणी केलेला, ५१६ मीटर लांब, सोळा कमानींचा, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणून जुन्या शहराच्या टोकाकडून चालत निघालं की समोरचा किल्ला उजळत जाताना दिसतो. साडेआठपर्यंत पुलावर कामाला निघालेली माणसं, दोन-चार कॅमेरेवाले आणि पाण्यातले हंस. अकरानंतर याच पुलावर खांद्याला खांदा लागतो. पुतळे बहुतेक प्रतिकृती आहेत. वालुकाश्माचे मूळ पुतळे काजळी आणि पाऊस यांपासून वाचवायला संग्रहालयात हलवलेत. नेपोमुकच्या संत जॉनचा ब्राँझचा पुतळा १६८३ चा. त्याच्या पायाखालची पाटी भाविकांच्या हातांनी घासून सोन्यासारखी चकाकते. उणे पाचात तिला हात लावायला हातमोजा काढावा लागतो, तेव्हा इच्छा थोडक्यात मागावी.

पूल ओलांडल्यावर किल्ल्यावर चढत जाण्याचा मोह टाळावा. बावीस नंबरची ट्राम डोंगराला वळसा घालून वर नेते. ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरलं तर पाच मिनिटांत किल्ला. आणखी पुढे ‘पोहोर्झेलेत्स’ला उतरलं तर आधी स्त्राहोव मठ लागतो आणि तिथून सगळा रस्ता उताराचा. मठाच्या ग्रंथालयाची दोन्ही दालनं दारातूनच पाहायची असतात, आत पाऊल टाकू देत नाहीत. हे आधी माहीत असलं म्हणजे चिडचिड होत नाही.

किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, सुरक्षा-तपासणी आहे. तिकीट लागतं ते आतल्या दालनांना, आणि ते दोन दिवस चालतं. हिवाळ्यात ही दालनं नऊला उघडून चारला मिटतात, म्हणून एका दिवसात सगळं उरकण्यापेक्षा दोन सकाळी वाटून घ्याव्यात. बागा हिवाळाभर बंद. सेंट व्हीटसच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी दुपारपर्यंत प्रार्थना असते, पर्यटकांना त्यानंतर सोडतात. १३४४ ला सुरू झालेलं हे बांधकाम पुरं झालं १९२९ मध्ये. पूर्वेचा अर्धा भाग खरा गॉथिक, पश्चिमेचा त्याची एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली नक्कल. चित्रकार अल्फोन्स मुखाची प्रसिद्ध रंगीत काच उत्तरेच्या बाजूला आहे, तिच्यातून हिवाळ्यात थेट ऊन येत नाही. हिवाळ्याची गंमत समोरच्या दक्षिण बाजूला असते. सूर्य इतका खाली, की स्वच्छ दिवशी काचांतले रंग खाली फरशीवर न पडता आडवे जाऊन खांबांवर आणि भिंतींवर चढतात. उन्हाळ्यात येणाऱ्यांना हे दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट हिवाळ्यातच नीट समजते. किल्ल्यामागच्या सोनारगल्लीतलं २२ नंबरचं ठेंगणं घर काफ्काच्या बहिणीने भाड्याने घेतलं होतं, आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात तो संध्याकाळी तिथे लिहायला येई. रात्री उशिरा पायऱ्या उतरून घरी. खोलीची लांबीरुंदी बघावी आणि मग बाहेरच्या हवेत पाच मिनिटं थांबावं.

उतरताना पाय जपावेत. प्रागचे पदपथ छोट्या दगडी चौकोनांच्या नक्षीचे, शतकभर पावलांनी घासून गुळगुळीत झालेले; रस्त्यांवरच्या मोठ्या गोलसर दगडांना चेक लोक ‘मांजरीची डोकी’ म्हणतात. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला की त्यावर काचेसारखा पापुद्रा धरतो, आणि तो दिसत नाही. बर्फापेक्षा धोका याचा. वर्दळीच्या रस्त्यांवर खडी टाकतात, पण काही जिन्यांच्या तोंडाशी ‘व झिमे से नेउद्रझुये’ अशी पाटी असते: हिवाळ्यात देखभाल होत नाही. म्हणजे पडलात तर तुमचे तुम्ही. (‘झिमा’ म्हणजे हिवाळा, आपल्या ‘हिम’चं सख्खं चुलत भावंड.) अशा दिवशी नेरुदोवा रस्त्याचा उतार किंवा जुना जिना सोडून द्यावा आणि ट्रामनेच खाली यावं.

कपड्यांत लोक चुकतात ते कमी घेऊन नव्हे, चुकीच्या ठिकाणी जास्त घेऊन. अंगात सुती बनियन आणि त्यावर रजईएवढा कोट. ट्राम आणि दुकानं चांगली गरम असतात. तिथे घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि बाहेर पडल्यावर ते ओलं फडकं पाठीला चिकटून गारठवतं. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मधे स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट; आत शिरताना वरचे दोन काढायचे. पायांचं तंत्र उलट. दोन मोजे चढवून बूट घट्ट झाला तर बोटं हलत नाहीत, रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. बूट अर्धा नंबर मोठा, तळवा जाड आणि मऊ रबराचा, आत एकच लोकरी मोजा. कोट उसना चालेल, बूट स्वतःचे हवेत आणि निघण्यापूर्वी दोन आठवडे पायात घातलेले. आता बुटांचा विषय निघालाच आहे तर: वेन्सस्लास चौकातली काचेची ती सात-आठ मजली इमारत बाटाची. शाळेचे काळे बूट ज्या ‘आपल्या’ कंपनीचे घातले ती मूळची चेक, १८९४ साली झ्लीन गावात सुरू झालेली.

चर्च म्हणजे छत, म्हणून तिथे ऊब मिळेल असं धरू नये. जाड दगडी भिंती महिनोन्‌महिने गारवा साठवतात, आणि पुष्कळ चर्चना तापवण्याची सोय नाही. संध्याकाळच्या संगीतसभेचं तिकीट घेताना ‘आत गरम असतं का’ एवढं विचारून घ्यावं. नसेल तर जॅकेट अंगावर ठेवून दीड तास बसण्याची तयारी हवी. नाट्यगृहात मात्र कोट आत नेणं असभ्य समजतात. तो ‘शात्ना’त, म्हणजे कोट ठेवायच्या खिडकीवर द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. कॅमेरा गारठ्यातून एकदम उबेत आणला की भिंगावर दंव धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा. मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते.

चार वाजले. नाताळआधीच्या आठवड्यांत याच वेळेला चार्ल्स पुलावर टोपी-झगा घातलेला दिवेवाला लांब काठी घेऊन एकेक गॅसबत्ती हाताने पेटवत जातो. ती पाहून मग जुन्या चौकातल्या बाजारात शिरावं. बाजार जानेवारीच्या ६ तारखेपर्यंत असतो. जाळावर फिरणाऱ्या हॅमची पाटीवरची किंमत शंभर ग्रॅमची असते. विक्रेता मोठा तुकडा कापतो आणि वजन केल्यावर आकडा ऐकून गिऱ्हाईक गार पडतं. कापण्याआधी ग्रॅम सांगावेत. साखरेत घोळलेलं, नळीसारखं ‘त्रदेल्निक’ जुनं चेक पक्वान्न म्हणून विकतात. प्रागच्या माणसाला तसं म्हणून बघा, तो हसेल. ते इथे पर्यटकांबरोबर आलं. खरं हिवाळी पेय म्हणजे ‘स्वर्झाक’, लवंग-दालचिनी घातलेली गरम वाईन.

शाकाहारी माणसाचे हाल होतात असा समज आहे, तो निम्माच खरा. ‘ब्रांबोराक’ म्हणजे लसूण आणि मार्जोरम घातलेलं बटाट्याचं धिरडं, फक्त त्यात अंडं असतं. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेलं चीज. फळं भरलेले उकडीचे गोळे वर दही-चीज आणि लोणी घालून देतात, आणि ते जेवण म्हणून खातात. नाताळच्या दिवसांत ‘कूबा’ शोधावा: सोललेलं जव, सुकी अळंबी, लसूण, भट्टीत भाजलेलं. घात होतो तो सूपमध्ये, कारण बटाट्याच्या सूपलाही पाणी मांसाचं असू शकतं. ‘बेझ मसा’ म्हणजे मांसाविना. ‘मसो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच मुळाचे शब्द, त्यामुळे लक्षात राहतं. पण तेवढ्याने मासे आणि चरबी सुटत नाहीत, त्यांचं वेगळं विचारावं लागतं.

पैशांबद्दल थोडक्यात. देश युरोपीय संघात असला तरी चलन कोरुना. युरोत भाव सांगणाऱ्या टपरीवर युरो दिले तर नुकसान ठरलेलं. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्याकडे बघूसुद्धा नये. दुकानात बदलल्या आणि दर वाईट निघाला, तर १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. २०१९ पासून तसा कायदाच आहे. एटीएम ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ विचारतं, तिथे नकार द्यायचा. ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय चालू होत नाही. न छापलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीटच नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. नाताळसाठी नोव्हेंबरपर्यंत थांबणं म्हणजे जुगार.

२४ डिसेंबर हा वेगळा दिवस. २० तारखेच्या सुमारास रस्त्याच्या कोपऱ्यांवर पाण्याने भरलेली मोठाली टोपं दिसायला लागतात आणि त्यांत जिवंत कार्प मासे. दक्षिणेकडच्या त्रझेबोन्यच्या तलावांतून पुष्कळसे येतात. २४ च्या रात्री घरोघरी तळलेला कार्प आणि बटाट्याची कोशिंबीर. भेटी आणतो तो बाळ येशू, ‘येझीशेक’; सांताक्लॉज इथला नव्हे. हा सण घरातला आहे, आणि बाहेरच्या माणसाच्या वाट्याला त्या संध्याकाळी रिकामे रस्ते येतात. कायद्याने २०० चौरस मीटरहून मोठी दुकानं २४ ला दुपारी बारानंतर बंद, २५, २६ आणि १ जानेवारीला पूर्ण बंद. पाहण्याची ठिकाणंही त्या दिवशी बरीचशी मिटलेली, ट्राम विरळ. रात्रीच्या जेवणाची जागा दोन-तीन आठवडे आधी ठरवलेली हवी, नाहीतर दूध, ब्रेड, फळं २३ लाच आणून ठेवावीत. त्याच दिवसांत चर्चमध्ये याकुब यान रिबा या खेड्यातल्या शिक्षकाने १७९६ मध्ये रचलेली चेक भाषेतली ‘मास’, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची संगीतरचना, गातात. गारठ्याची पर्वा न करता ऐकावी अशी एकच गोष्ट निवडायची तर ही.

काळोखाचा पण हिशोब असतो. चेक भाषेत एक म्हण आहे: १३ डिसेंबरची संत लूसी रात्रीतला घोट पिते, पण दिवसाच्या पदरात काही घालत नाही. वेळा तपासल्या तर म्हण चोख निघते. प्रागमधला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्याच सुमाराला होतो, तिथून संध्याकाळ पुढे सरकायला लागते. सकाळ मात्र वर्षअखेरपर्यंत आणखी उशिराच उगवत राहते. त्यानंतरची मोजणीही म्हणींतच आहे. नव्या वर्षाला दिवस कोंबडीच्या पावलाएवढा वाढतो, ६ जानेवारीच्या, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाला एक पाऊल पुढे, आणि २ फेब्रुवारीला तासभर जास्त. आपल्याकडे संक्रांतीनंतर तो तिळातिळाने वाढतो. कोंबडी मोठी की तीळ, हा अक्षांशाचा प्रश्न.

तीन राजांच्या दिवशी दारांच्या चौकटींवर खडूने के, एम, बी ही त्या राजांच्या नावांची आद्याक्षरं आणि नवं साल लिहितात. बाजार त्याच दिवशी आवरतो. घड्याळाच्या काळ्या कड्यावरचा २४ चा आकडा तोवर रोमन चारवरून किंचित खाली उतरलेला असतो, सव्वाचारकडे.